माडाच्या शेंड्यावर दुसरा दोर

माडावर चढणाऱ्या माणसाच्या अंगावर सामान फार नसतं. कमरेला कोयता, पायांत दोराचा फास, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, झालं. कोकणातला बाणवली जातीचा जुना माड २० मीटरच्या वर सहज जातो. तेवढ्या उंचीवरून हात सुटला तर माणूस सुमारे २ सेकंदांत जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेगापुढे डोक्यावरचं हेल्मेट आणि हातातले मोजे यांना काही करता येत नाही.

तरीही झाडावर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपल्याकडे तो हातमोजे, हेल्मेट आणि चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट यांच्याशी सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. याचं कारण समजण्यासारखं आहे. या वस्तू स्वस्त आहेत, गठ्ठ्याने घेता येतात आणि वाटल्या की वाटल्याचं दिसतं. माणसाला खाली पडू न देणारं साधन मात्र प्रत्येकाच्या अंगाला बसवावं लागतं, वापरायला शिकवावं लागतं आणि दर वर्षी तपासावं लागतं. म्हणून कुठल्याही साधनसंचाबद्दल विचारण्याचा पहिला प्रश्न एकच आहे. माणूस झाडाला ज्या एका जागी धरलेला आहे ती जागा सुटली, तर त्याला धरायला दुसरं काय आहे? पारंपरिक पद्धतीत याचं उत्तर ‘काही नाही’ असं आहे. गेल्या काही वर्षांत भारतात जे प्रयत्न झाले, त्यांची किंमतही याच प्रश्नावर ठरते.

त्यातला सर्वांत मोठा प्रयत्न केरळचा. तिथे नवी पिढी माडावर चढायला तयार होईना, नारळ झाडावरच वाळू लागले आणि काढणीची मजुरी वाढत गेली. कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने बनवलेलं चढण्याचं यंत्र या टंचाईत सगळीकडे पोहोचलं. ‘चेंबेरी मॉडेल’ म्हणून ते ओळखलं जातं आणि आज कोकण-गोव्यातल्या वाड्यांमध्येही दिसतं. दोन सुटे लोखंडी सांगाडे आणि प्रत्येकाला खोडाभोवती फिरणारा पोलादी तारदोराचा वेढा, अशी त्याची रचना. ज्या पायावर भार पडतो त्या बाजूचा वेढा खोडाला आवळतो. भार काढला की वेढा सैल होतो आणि हातातल्या दांड्याने तो सांगाडा वर सरकवता येतो. उजवा, डावा, उजवा, डावा असं करत माणूस वर जातो. छाती खोडावर घासत नाही, तळपाय सोलत नाहीत. पूर्वी पायऱ्यांसाठी खोडावर खाचा पाडत. त्याही लागत नाहीत, आणि हा झाडाचाही फायदा आहे, कारण माडाची जखम भरून येत नाही आणि सोंड्या भुंगा अशाच जखमांतून आत शिरतो.

नारळ विकास मंडळाने २०११ साली ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ हा कार्यक्रम सुरू केला, तो याच यंत्राच्या आधाराने. सहा दिवसांचं प्रशिक्षण आणि शेवटी प्रत्येकाला यंत्र. पिढीजात चढणाऱ्यांच्या घरात न जन्मलेली मुलं आणि मोठ्या संख्येने स्त्रिया या कामात आल्या. आपल्याकडे रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रानेही माडावर चढण्याची प्रशिक्षणं घेतली आहेत. टंचाईवर शोधलेला इतका साधा आणि इतका उपयोगी उपाय शेतीच्या इतिहासात विरळाच, असं म्हणायला हरकत नाही.

पण या यंत्राने प्रश्न सोडवला तो चढण्याचा. पडण्याचा प्रश्न तसाच राहिला. मूळ रचनेत पाय सांगाड्यात अडकलेले असतात आणि वरचं अंग केवळ हातांवर तोललेलं असतं. हात सुटले, भोवळ आली किंवा झावळीतून गांधीलमाश्या उठल्या, तर माणूस मागे कलंडतो आणि पायांवर उलटा लटकतो. ही त्रुटी ध्यानात आल्यावर कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने या यंत्राला सुरक्षेची जोडणी तयार केली, केरळ कृषी विद्यापीठाने आपलं साधन आणलं, कोइम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने बसून चढण्याचं यंत्र केलं. म्हणजे उपाय उपलब्ध आहेत. अडचण अशी की यंत्र घेणारा शेतकरी आधी यंत्राची किंमत विचारतो आणि सुरक्षेचा पट्टा वेगळा विकत घ्यायचा असेल तर तो दुकानातच राहतो. पट्ट्याविना यंत्र विकणं थांबवलं तर हा प्रश्न एका निर्णयात बराचसा सुटेल.

यंत्राची आणखी एक मर्यादा आहे. त्यावर उभं राहून नारळ उतरवता येतात, पण शेंड्यात शिरून गेंडा भुंगा आकडीने ओढून काढायचा, वाळक्या झावळ्या साफ करायच्या, तर यंत्र सोडून वर जावं लागतं. माडी काढणाऱ्याला तर रोज शेंड्यातच बसावं लागतं. गोव्यातल्या रेंदेरांसाठी किंवा पालघर-वसईकडच्या ताडीवाल्यांसाठी म्हणूनच हे यंत्र पुरेसं नाही.

या लोकांच्या दृष्टीने तेलंगणाचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथले ताडी काढणारे ‘मोकू’ नावाचा दोराचा वेढा पाठीमागून खोडाभोवती घेऊन चढतात. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘काटमय्या रक्षा कवचम’ नावाचा साधनसंच त्यांना मोफत द्यायला सुरुवात केली. संच तयार करताना आणि शिकवताना गिर्यारोहणातली माणसं बरोबर घेतली होती. यातली खरी समजूत अशी की चढणाऱ्याची पद्धत मोडली नाही. हात-पाय त्याच सवयीने चालतात, फक्त अंगावर हार्नेस येतो आणि मुख्य वेढा सुटला तरी खोडाला धरून राहणारा दुसरा दोर बरोबर सरकत जातो. पिढ्यान्‌पिढ्यांचं कौशल्य बाजूला सारून नवं तंत्र लादलं असतं, तर संच घरातल्या खुंटीलाच राहिले असते. सह्याद्रीच्या सुळक्यांवर दोर लावणाऱ्या गिर्यारोहकांची महाराष्ट्रात कमतरता नाही. दरीत अडकलेल्यांना बाहेर काढायला पोलीस त्यांनाच बोलावतात. त्यांना आणि माडावर चढणाऱ्या पाडेल्यांना एका वाडीत आठ दिवस एकत्र बसवण्याचा असा राज्यव्यापी प्रयत्न मात्र आपल्याकडे व्हायचा आहे.

गिर्यारोहणाचा आणि झाडावरच्या कामाचा संबंध जुना आहे. कार्ल प्रूसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली प्रसिद्ध केलेली गाठ आजही या साऱ्या तंत्राच्या मुळाशी आहे. पातळ दोर जाड दोराभोवती गुंडाळायचा. हाताने सरकवला तर सरकतो, अंगाचा भार पडला की आवळून बसतो. युरोप-अमेरिकेतले वृक्षकर्मी अशाच जातीच्या गाठींवर वर-खाली करतात, आणि अलीकडे गाठीच्या जागी धातूची साधनंही आली आहेत. पण डोंगरावरचं सगळं सामान झाडावर चालतं असं नाही. कड्यावरचा दोर पडणाऱ्याला झेलण्यासाठी ताणला जाणारा असतो. झाडावरचा दोर मुद्दाम कमी ताणाचा असतो, कारण त्यावर माणूस दिवसभर लटकून काम करतो. त्या दोरात ढील ठेवून उडी खाल्ली तर बसणारा हिसका कंबर मोडू शकतो. म्हणून दोर सतत ताठ ठेवायचा हा इथला पहिला धडा.

हार्नेसच्या बाबतीत आपल्याकडे एक मोठी गफलत होते. बाजारात मिळणारा ‘सेफ्टी बेल्ट’ म्हणजे बांधकामावरचा, पाठीवर कडी असलेला पट्टा. आयएस ३५२१ हे त्याचं भारतीय मानक. परांचीवर उभ्या असलेल्या, डोक्यावर पक्का आधार असलेल्या माणसासाठी तो उत्तम आहे. झाडावर माणूस उभा नसतो, दोरावर बसलेला असतो. त्याला आधार लागतो कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि समोर, बेंबीपाशी. पाठीवरच्या कडीला दोर लावून झाडावर चढलेल्याला फांदीकडे तोंडही नीट करता येत नाही. मग तो दोर काढून ठेवतो, आणि पंचनाम्यात ‘बेल्ट दिलेला होता’ अशी नोंद होते. वृक्षकर्मींचा खास हार्नेस परदेशी बनावटीचा, बऱ्याच मजुरांच्या महिन्याच्या कमाईहून महाग. पण साधा, दोन बाजूंना कड्या असलेला कमरपट्टा आणि मांड्यांचे फास भारतातही बनतात आणि खोडाभोवतीच्या दोरासाठी ते पुष्कळ बरे.

दोराचीही तीच गत. वाडीत पूर्वी सुंभ असे. आता त्याची जागा दुकानातल्या निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या दोराने घेतली आहे. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो. उन्हाने कडक होऊन तुटतो, गाठ नीट धरत नाही आणि घर्षणाने लवकर वितळतो. गुरं बांधायला ठीक, माणूस बांधायला नाही. किनाऱ्यावर खारी हवा तारदोराला आणि कड्यांना आतून खाते, हा आणखी एक धोका. चेंबेरी यंत्राचा तारदोर एखादी तार जरी सुटलेली दिसली तरी बदलायचा असतो. साधन चांगल्या कंपनीचं आहे म्हणून तपासणी टळत नाही. पेट्झल या नामांकित फ्रेंच कंपनीने वृक्षकर्मींसाठी आणलेलं ‘झिगझॅग’ हे साधन तडे गेल्याचं आढळल्यावर २०१३ साली बाजारातून परत मागवलं होतं.

हेल्मेटमध्येही असाच फरक आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. कारखान्यातल्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा ठरावीक झटक्याला सुटावा अशी युरोपीय मानकाची अट आहे, १५० ते २५० न्यूटनच्या दरम्यान. हेल्मेट कुठे अडकलं तर गळफास बसू नये हा हेतू. गिर्यारोहकाच्या हेल्मेटचा पट्टा मात्र ५०० न्यूटनलाही टिकला पाहिजे, कारण पडताना हेल्मेट डोक्यावरून निघालं तर त्याचा उपयोग काय? झाडावर चढणाऱ्याला दुसऱ्या जातीचं हवं आणि खाली फांद्या गोळा करणाऱ्याला पहिल्या जातीचं चालतं. आपल्याकडे दोघांनाही एकच पिवळं, बऱ्याचदा पट्टाच नसलेलं हेल्मेट दिलं जातं. वर पाहिलं की ते मागे घसरतं. मग चढणारा ते काढून खोडापाशी ठेवतो.

आता हातमोजे. त्यांना दुय्यम म्हटलं तरी क्षुल्लक म्हणता येत नाही, कारण हात गेला की या माणसाची कमाई जाते. मोज्यांबद्दलचा सर्वसाधारण समज असा की जाड तितका चांगला. प्रत्यक्षात माडावर चढणारा मोजे घालत नाही, ते बेपर्वाईमुळे नव्हे. खोडावरचं शेवाळ, ओल, सैल झालेला पापुद्रा हे त्याला बोटांनी कळतं. माडी काढणाऱ्याला पोय हलकेच ठोकावी लागते, पातळ काप घ्यावा लागतो. तिथे जाड चामड्याचा मोजा हात असून नसल्यासारखा करतो. पावसात भिजलेलं चामडं वाळलं की ताठ होतं आणि मूठ वळत नाही. चामड्याच्या कामगार-मोज्यांचं मोठं उत्पादन कोलकात्यात होतं, तिथून ते जगभर जातात. वेल्डिंगला, फांद्या ओढायला ते चांगले. चढण्यासाठी मात्र पातळ विणलेला, तळव्याला रबराचा थर दिलेला मोजा अधिक जवळचा. लॅटेक्सचा थर ओल्यात चांगला धरतो, नायट्राइलचा तेल-ग्रीसला टिकतो. अशा मोज्यांवर युरोपीय मानकाचं चिन्ह असतं आणि त्याखाली चार आकडे व एक अक्षर. घासणं, कापणं, फाटणं, टोचणं यांना मोजा किती टिकतो ते आकडे सांगतात आणि अक्षर कापण्याच्या जास्त कडक चाचणीचं. दुकानात उभं राहून एवढं वाचलं तरी पुष्कळ फसवणूक टळते.

चुकीचा मोजा मोजा नसण्यापेक्षाही घातक ठरतो, आणि याची उदाहरणं कोकणातच सापडतात. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. सुती मोजा हे मिश्रण शोषून घेतो आणि तासन्‌तास कातडीला चिकटवून ठेवतो. तिथे रबराचाच मोजा हवा आणि डोळ्यांना चष्मा. आंबा उतरवणाऱ्यांच्या हातांवर चिकाचे चट्टे उठतात. त्यांना मोज्याबरोबर कोपरापर्यंतची बाही लागते. फांद्यांचा भुगा करणाऱ्या चिपर यंत्रापाशी सैल मनगटाचा मोजा फांदीला अडकला तर हात आत ओढला जातो, म्हणून तिथे मनगटाला घट्ट बसणारे मोजे सक्तीचे. दोरावरून भरभर उतरताना मोज्याचा सैल भाग गाठीत शिरतो, तोही एक अपघात.

चेनसॉ आली की सगळंच बदलतं. तिच्यासाठीच्या विजारीचं कापड करवतीला अडवत नाही. आतमध्ये लांब, सुट्या धाग्यांचे थर असतात; साखळीने वरचं कापड फाडताच ते धागे बाहेर ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी थांबते. सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीपर्यंत पहिला वर्ग, २४ ला दुसरा, २८ ला तिसरा. काही विजारींना संरक्षण फक्त पुढून असतं. झाडावर अंग वळवून काम करणाऱ्याला चोहोबाजूंनी असलेली घ्यावी लागते. ती जड आणि गरम असते, मे महिन्यातल्या मुंबईत तर असह्य. हे खरं आहे, आणि म्हणून कामाचे तास सकाळचे ठेवणं हाही सुरक्षेचाच भाग आहे. चेनसॉच्या मोज्यात पूर्वापार डाव्या हाताच्या पाठीवर जास्त संरक्षण असतं, कारण डावा हात पुढच्या दांड्यावर असतो. बॅटरीवरच्या करवती शांत वाटतात, पण त्यांची मोटर गुंतल्यावरही जोर सोडत नाही, त्यामुळे विजारीवर आंधळा भरवसा ठेवू नये. आणि करवत चालू असताना कामगार दोन जागी बांधलेला हवा, त्यातला एक दोर पोलादी गाभ्याचा असेल तर उत्तम. एक दोर आपल्याच करवतीने कापला जाण्याची भीती रोजची असते.

शहरांत ही गोष्ट सर्वांत जास्त लागू पडते. २०१८ च्या सुमाराच्या गणनेनुसार मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं आहेत आणि पावसाळ्याआधी त्यांच्या छाटणीची धांदल असते. गुलमोहराची फांदी ठिसूळ, जांभळाची तर भरवशाची नाहीच. ज्या फांदीला दोर बांधायचा तीच तुटू शकते. जिथे गाडी पोहोचते तिथे बास्केट असलेली हायड्रॉलिक शिडी हेच योग्य साधन. चाळींच्या मागच्या बोळात, सोसायटीच्या भिंतीआड मात्र कंत्राटदाराचा माणूस अनवाणी चढतो. शेजारून विजेची तार गेलेली असते. इथे मोज्यांबद्दलचा आणखी एक गैरसमज जिवावर बेततो. ११ हजार व्होल्टच्या तारेसाठी दुसऱ्या वर्गाचे, १७ हजार व्होल्टपर्यंतचे रबरी मोजे लागतात, त्यावर चामड्याचं आवरण लागतं आणि त्यांची ठरावीक काळाने विद्युत चाचणी करावी लागते. एक बारीक छिद्र पडलं की ते निकामी. ओली फांदी तारेला टेकली तर मोजे हातात असूनही पाय आणि छाती उघडीच असतात. तिथे एकच उपाय आहे, वीजपुरवठा बंद करून घेणं, आणि तो झाडावर चढणाऱ्याच्या हातात नसतो.

वर गेलेल्याला खाली आणायचं कोण, हा प्रश्न सगळीकडेच मागे पडतो. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांतच त्याची शुद्ध जाऊ शकते. माडाच्या वाडीत अग्निशमन दलाची शिडी जात नाही. १९७६ पासून भरणाऱ्या वृक्षकर्मींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत झाडावरून माणूस उतरवण्याची कसोटी ठेवली आहे, ती याचसाठी. खाली उभ्या असलेल्या सोबत्याला वर चढून त्याला उतरवता आलं पाहिजे. त्याच्यासाठीही हार्नेस आणि दोर हवा. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत एवढी एक गोष्ट वाढवली तरी मोठं काम होईल.

चढावंच लागू नये असे मार्गही आहेत, आणि शक्य तिथे ते आधी घ्यावेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘नूतन झेल्या’ने आंब्याचा देठ राखून जमिनीवरून काढणी शक्य केली. सुपारीसाठी कर्नाटकातून आलेले कार्बन फायबरचे लांब दांडे काढणी आणि फवारणी दोन्ही खालूनच करतात. ठेंगण्या जातींचे नारळ लावणं हाही वीस वर्षांच्या दृष्टीने सुरक्षेचाच निर्णय. उभ्या असलेल्या जुन्या बाणवलीला मात्र यातलं काही लागू होत नाही.

शेवटी पैसा आणि कायदा. व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता साधारणपणे दहा किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. एकटा पाडेली किंवा तिघाचौघांची छाटणीची टोळी तिच्या बाहेर राहते. पालिकेची कंत्राटं मोठी असतात, तिथे निविदेत ‘सुरक्षा साधने पुरवावीत’ या मोघम ओळीऐवजी कोणत्या जातीचा हार्नेस, दोन दोर, सुटकेचा संच आणि प्रशिक्षित माणूस असं लिहून मागता येईल, आणि बिल काढताना तपासता येईल. गावात परिस्थिती वेगळी आहे. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून झालेला मृत्यू धरला जातो आणि वारसांना २ लाख रुपये मिळतात, पण ही योजना जमीनधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एकासाठी आहे. वाडीचा मालक माडावरून पडला तर तो तिच्यात बसतो, त्याच माडावर मजुरीने चढलेला भूमिहीन पाडेली बसत नाही. त्याच्यासाठी नारळ विकास मंडळाचा ‘केरा सुरक्षा’ विमा आहे. हप्त्याचा मोठा वाटा मंडळ भरतं आणि मृत्यू झाल्यास काही लाखांची भरपाई मिळते. तालुका कृषी कार्यालयातून नारळाची रोपं आणि चढण्याची यंत्रं जातात. त्याच टेबलावर या विम्याचा अर्ज ठेवला आणि यंत्राबरोबर पट्टा दिल्याशिवाय सही घेतली नाही, तर त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही.